मैत्रिणीच्या मुलीचे गाऱ्हाणे

संध्याकाळी साडेसातच्या सुमारास वसई रोड स्थानकाच्या पूर्वेला उतरणारा माणूस शेअर रिक्षाच्या रांगेत उभा राहतो आणि एव्हरशाईन सिटीतल्या आपल्या इमारतीच्या फाटकाशी पोहोचेपर्यंत चांगला अंधार पडलेला असतो. फाटकाच्या आत, उभ्या वाहनांमधून जी काही मोकळी जागा उरली असेल तेथे मुले खेळत असतात. वरच्या खिडक्यांतून हाका सुरू झालेल्या असतात. कामावरून परतणाऱ्या आईला त्या घोळक्यात आपले मूल दुरूनच दिसते आणि त्याचा दिवस कसा गेला, हे पुष्कळदा तिला त्याच्या उभे राहण्यावरूनच कळते.

अशाच एका घराचे चित्र कल्पनेने उभे करावे. ते कोणा एकाच्या घराचे नाही. पण असे घर ज्याच्या पाहण्यात नाही, असा वाचक विरळाच. दोन मैत्रिणी आहेत. त्यांची ओळख विरार लोकलच्या महिला डब्यात झाली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला तोरण बांधताना ती वाढली आणि दोघींनी एकाच वसाहतीत घरे घेतल्यावर तिचे घरोब्यात रूपांतर झाले. एकीच्या बाळंतपणात दुसरीने दोन महिने डबा पोहोचवला. दुसरीच्या सासऱ्यांना मध्यरात्री रुग्णालयात न्यावे लागले, तेव्हा पहिलीच्या नवऱ्याने गाडी काढली. दोघींना एकेक मुलगी. एक अकरा वर्षांची, दुसरी नऊ वर्षांची. थोरली चुणचुणीत, सभाधीट. शाळेच्या स्नेहसंमेलनात निवेदन करणारी. धाकटी बोलताना अडखळते. 'प' या अक्षरापाशी तिची जीभ थांबते.

थोरली तिची नक्कल करते. एकांतात नव्हे, खाली खेळायला जमलेल्या सात-आठ जणींपुढे करते. लपाछपीत राज्य आले की धाकटीने आकडे मोठ्याने मोजलेच पाहिजेत, असा नियम तिनेच काढला आहे. चारपर्यंत ठीक जाते. पाचपाशी गाडी अडते, पंधरापाशी पुन्हा अडते आणि लपलेल्या मुली खांबांच्या आडून हसू लागतात. दर रविवारी दोन्ही कुटुंबे एकत्र जेवतात, तेव्हा तोच खेळ बंद दाराआड होतो. मोठी माणसे दिवाणखान्यात गप्पा मारत असतात आणि आतल्या खोलीतून येणारे हसणे ऐकून म्हणतात, "किती छान रमल्यात दोघी!"

धाकटीने दोन रविवार पोट दुखत असल्याचे सांगितले. तिसऱ्या रविवारी मात्र ती सरळ म्हणाली, "आई, मला मावशीकडे नाही जायचं." कारण विचारले तेव्हा कारणही सांगितले. आईने सगळे ऐकून घेतले, तिला जवळ घेतले, डोळे पुसले आणि म्हणाली, "अगं, ती गंमत करते. आणि आपण गेलो नाही तर मावशीला काय वाटेल?"

या बोलण्यात वाईट हेतू कणभरही नाही. माणसे जोडून राहावीत, नाती तुटू नयेत, या संस्कारातूनच ते आलेले आहे. परंतु नऊ वर्षांच्या मुलीने त्यातून काय घेतले असेल, याचा विचार त्या क्षणी सुचत नाही. मावशीला काय वाटेल हे आधी, आपल्याला काय वाटते ते नंतर, असा क्रम तिच्या मनात पक्का होतो. पुढच्या रविवारी ती तक्रार करत नाही, मुकाट्याने चप्पल घालते. आईला वाटते, समजूतदार झाली पोर. वस्तुतः ती समजूतदार झालेली नसते. सांगून उपयोग नाही, एवढे तिला समजलेले असते. मुलांचे असे समजणे घरांना फार महाग पडते, कारण पुढे बाराव्या-तेराव्या वर्षी याहून गंभीर काही घडले, तर तेही ती याच न्यायाने सांगत नाही.

या आईला दोष देणे सोपे आहे. तिची अडचण समजून घ्यायची, तर एव्हरशाईन सिटीसारख्या वसाहतीत मैत्रीला कोणते मोल आले आहे, हे पाहावे लागते. १९८२ च्या गिरणी संपानंतर आणि त्यापुढच्या वर्षांत जागांचे भाव चढत गेले, तशी गिरगाव, लालबाग, परळ, दादर येथली मराठी कुटुंबे उत्तरेकडे आणि पूर्वेकडे सरकत गेली. कोणी डोंबिवली धरली, कोणी वसई-विरार. काहींनी थेट कोकणातून येऊन येथेच पहिले बिऱ्हाड केले. घर मोठे झाले, स्वयंपाकघराला ओटा आला. पण काका, आत्या, मामा मागे राहिले. एक बोरिवलीला, दुसरा देवरुखला, तिसरा न्यू जर्सीत. वर चर्चगेटपर्यंतचे अंतर ५० किलोमीटरांहून अधिक. नवरा-बायको दोघेही नोकरीला जात असतील, तर मूल शाळेतून परतल्यावर चावी शेजारच्याच घरात ठेवावी लागते.

संकटात तर ही गोष्ट अधिकच कळते. २६ जुलै २००५ चा पाऊस कोणी विसरलेले नाही. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पट्ट्यात पाणी साचले, रूळ बुडाले, लोकल थांबली, अनेक वस्त्यांत वीज गेली. अशा दिवशी दादरला अडकलेल्या आईची मुले कोणाच्या घरी जेवतात आणि झोपतात? २०२० च्या टाळेबंदीत औषधे, दूध, भाजी कोणी कोणासाठी आणली? ज्या मैत्रिणीने हे सगळे केले, ती नावापुरती मैत्रीण राहिलेली नसते. ती त्या घराची मावशी झालेली असते. तिला दुखवायचे म्हटले की पोटात गोळा येतो, तो उगाच नव्हे. 'त्रास देणारी माणसे आयुष्यातून काढून टाका' असा रोखठोक सल्ला हल्ली जिकडेतिकडे मिळतो. तो देणाऱ्यांच्या घरी मुलांना सांभाळायला बहुधा आजी असते.

मग पूर्वी चाळीत हे कसे निभावत असे? तेथे तिसऱ्या खोलीतल्या काकूंना सातव्या खोलीतल्या मुलाचा कान धरण्याचा न विचारता मिळालेला अधिकार होता आणि संध्याकाळी त्याच्या आईला तसे सांगितले, तर ती आणखी एक धपाटा घालत असे. त्या व्यवस्थेचे गोडवे फार गाऊ नयेत. अडखळत बोलणाऱ्या मुलाला तिथेही नाव पडत असे आणि ते मुलांनीच नव्हे, मोठ्यांनीही वापरलेले असे. मात्र एक गोष्ट तेथे होती. दुसऱ्याच्या मुलाविषयी त्याच्या आईबापांशी बोलणे हा अपमान मानला जात नव्हता. फ्लॅटचे दार बंद झाले आणि ही वाट बुजली. आज मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात न विचारता चहा टाकता येतो, तिच्या कपाटातून साडी नेता येते; पण तिच्या मुलीबद्दल एक वाक्य बोलायचे, तर आठवडा जातो.

शाळेत निदान नियम आहेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि मानसिक त्रास देण्यास मनाई केली. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१५ मध्ये मुलांनी मुलांना छळण्याविरुद्ध शाळांना मार्गदर्शक सूचना दिल्या. महाराष्ट्राने तर १९९९ मध्येच रॅगिंगविरोधी कायदा केला होता. पण मैत्रिणीच्या दिवाणखान्याला लागून असलेल्या खोलीत यातले काहीच पोहोचत नाही आणि पोहोचावे अशी कोणाची अपेक्षाही नाही. तेथे जे करायचे ते आईबापांनीच करायचे असते.

आता एक प्रश्न रास्तपणे विचारला जाईल. मुलांची भांडणे ती काय, आज कट्टी, उद्या बट्टी. मोठ्यांनी त्यात पडावे कशाला? हे बरोबर आहे. मुलांची बहुतेक भांडणे मुलांनीच मिटवायची असतात आणि त्यांत पडणारे पालक पुढे एकमेकांशी बोलेनासे होतात, मुले मात्र तासाभरात पुन्हा खेळू लागतात. पण प्रत्येक त्रास म्हणजे भांडण नव्हे. नॉर्वेतील बर्गन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी हा विषय १९७० च्या दशकापासून अभ्यासला. त्या देशात १९८२ च्या अखेरीस तीन मुलांनी आत्महत्या केल्या. सोबत्यांचा छळ हे त्यांमागचे कारण असावे, असे दिसून आल्यावर १९८३ मध्ये तेथे शाळांसाठी देशव्यापी मोहीम हाती घेतली गेली. ओल्वेयस यांनी छळ ओळखण्याच्या ज्या खुणा सांगितल्या, त्या आपल्या अंगणातही लागू पडतात. त्रास हेतुपुरस्सर दिला जातो, तो पुन:पुन्हा दिला जातो आणि दोघांचे बळ सारखे नसते.

तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची. दोन सारख्या मुलांची झोंबाझोंबी हे भांडण. अकरा वर्षांची सभाधीट मुलगी आणि नऊ वर्षांची अडखळणारी मुलगी यांच्यात भांडण होऊच शकत नाही, कारण धाकटीजवळ उत्तर द्यायला जे शस्त्र हवे, ते म्हणजे वाणी, तेच नेमके तिच्यापाशी दुबळे आहे. 'तूही तिला चार शब्द सुनाव' हा सल्ला अशा मुलीला देणे म्हणजे पांगळ्याला पळायला सांगणे होय.

बळाच्या या विषमतेची आणि मोठ्यांच्या मौनाची सर्वांत जुनी नि सर्वांत स्पष्ट कथा आपल्याच घरात आहे. महाभारताच्या आदिपर्वात पांडव हस्तिनापुरास येतात आणि एकशे पाच भावंडे एकत्र वाढू लागतात. त्यांच्या खेळांचे वर्णन व्यासांनी हातचे राखून केलेले नाही. भीम धृतराष्ट्राच्या मुलांना केस धरून ओढतो, एकमेकांवर आपटतो, जमिनीवरून फरफटत नेतो. पाण्यात खेळताना दहा-दहा जणांना कवेत धरून बुडवून ठेवतो आणि ते अर्धमेले झाले की सोडतो. ते फळे काढायला झाडावर चढले की लाथ मारून झाड हलवतो आणि फळांबरोबर मुलेही खाली पडतात. व्यास पुढे सांगतात, की हे सारे त्याच्या हातून पोरवयामुळे घडत होते, द्वेषामुळे नव्हे.

भीम हा आपला लाडका आहे. लहानपणी हा प्रसंग ऐकताना सगळी मुले हसतात आणि सांगणारी आजीही हसत हसतच सांगते. झाडावरून पडणाऱ्यांच्या बाजूने ही कथा कोणी सांगत नाही. खरोखर, ती हसण्यासारखी आहे काय? भीमाच्या मनात द्वेष नव्हता हे खरे. पण पाण्याखाली धरलेल्या मुलाला ते कसे कळावे? हस्तिनापुरात भीष्म होते, विदुर होता, कुंती होती, गांधारी होती. धर्म जाणणाऱ्यांची अशी सभा भरतखंडात दुसरीकडे नव्हती. त्यांच्यापैकी कोणी भीमाला बोलावून 'हे थांबव' असे म्हटल्याचे त्या वर्णनात येत नाही. मोठ्यांच्या लेखी ती भावंडांची मस्ती होती. दुर्योधनाने मग स्वतःचा उपाय काढला. प्रमाणकोटीला जलक्रीडेच्या निमित्ताने त्याने भीमाला विष घातले आणि बांधून गंगेत लोटले.

दुर्योधनाच्या या पापाला भीमाच्या खोडीने क्षमा मिळत नाही. तो कपटी होता, राज्याचा लोभी होता, हे व्यासांनीच सांगितले आहे. पण कथा पुढे आणखी बोलकी होते. भीम नाहीसा झाल्यावर कुंती विदुराला आपला संशय सांगते. विदुर तिला गप्प राहायला सांगतो, कारण बोलल्यास उरलेल्या मुलांना धोका. भीम नागलोकातून परत येऊन सगळे सांगू लागतो, तेव्हा युधिष्ठिरही त्याला हेच सांगतो, की हे कोठे बोलू नकोस. पहिले मौन लाडाचे होते, दुसरे भीतीचे. दोन्हींना कुटुंबातील सलोखा असेच नाव देता आले असते. ज्या अंगणात मुलांच्या खेळाविषयी कोणी बोलले नाही, त्या अंगणाचे पुढे काय झाले, ते सर्वांना ठाऊक आहे.

या कथेचा उपयोग मैत्रिणीची मुलगी म्हणजे दुर्योधन असे ठरवण्यासाठी नाही. उलट ती भीम असण्याचा संभव अधिक. बलवान, लाडकी, मनाने वाईट नसलेली आणि आपल्या बळाचा दुसऱ्याला काय भार होतो याची कल्पना नसलेली. म्हणूनच तिला कोणीतरी सांगितले पाहिजे.

कोणी सांगायचे? तिच्या आईने; आणि तिच्या आईला सांगायचे ते मैत्रिणीने. मराठीत यासाठी एक सुंदर शब्द आहे, गाऱ्हाणे. कोकणात ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालतात, तेव्हा ती देवावरची फिर्याद नसते. देव आपला आहे, ऐकेल, या भरवशाने आपले दुःख त्याच्या कानी घालणे असते. तक्रार परक्याविरुद्ध करतात, गाऱ्हाणे आपल्याच माणसाकडे नेतात. बारा वर्षांची मैत्री एवढे एक गाऱ्हाणे पेलू शकत नसेल, तर त्या बारा वर्षांत डब्यांची देवघेव झाली, मैत्री व्हायची राहिली, असे म्हणावे लागेल.

पण गाऱ्हाणे घालायचीही रीत असते. ते मुलींच्या देखत घालायचे नसते आणि नवऱ्यांच्या मैफलीतही नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर तर मुळीच नाही; तेथे एक ओळ टाकली की तीस बिऱ्हाडे पंच होऊन बसतात. चार महिन्यांचा साठा एकदम बाहेर काढू नये. 'तुझी मुलगी आगाऊ आहे' हे वाक्य उच्चारले की पुढचे काही ऐकले जात नाही, कारण ते मुलीविषयीचे मत झाले आणि कोणतीही आई आपल्या मुलीविषयीचे मत दुसऱ्याकडून घेत नाही. घडले तेवढे सांगावे. रविवारी काय झाले, मोजणीचा खेळ कसा चालतो, आपली मुलगी घरी येऊन काय म्हणाली. आणि 'मला तुझी मदत हवी आहे' असे म्हणावे. ते खरेही असते. त्याआधी आपल्या मुलीला नीट विचारून घ्यावे. तिने काही केले होते का, थोरलीची वस्तू मोडली होती का, तिचे गुपित कोणाला सांगितले होते का. मुले खोटे बोलतात म्हणून हे विचारायचे नाही. गोष्टीची निम्मी बाजू घेऊन मैत्रिणीकडे जाणे बरे नव्हे, म्हणून विचारायचे.

वडिलांनी या सगळ्यातून अंग काढून घेण्याची आपल्याकडे प्रथा आहे. 'तुम्हा बायकांचे तुम्ही पाहा' म्हणणारा गृहस्थ त्याच मित्राबरोबर सामना पाहत बसतो आणि आतल्या खोलीत आपली मुलगी आकडे मोजत असते. दोन्ही बाप त्या घरात आहेत. एकाने उठून खोलीचे दार उघडे ठेवले, तरी निम्मे काम होते.

दार उघडे असताना, आपल्याच घरात, आपल्या डोळ्यांदेखत नक्कल झाली तर? मैत्रिणीच्या मुलीला बोलायचा अधिकार आहे का, असा संकोच अनेकांना वाटतो. आहे. घर ज्याचे, रीत त्याची. "या घरात कोणाच्या बोलण्याची नक्कल करायची नाही," हे एक वाक्य शांतपणे, चढ्या आवाजाशिवाय, तिथल्या तिथे बोलावे आणि लगेच दोघींच्या हाती दुसरा खेळ द्यावा. हात लावू नये. टोमणा मारू नये. मोठ्या माणसाचा टोमणा मुलाला फार खोल लागतो. आणि 'सॉरी म्हण तिला' असा आग्रह धरून दोघींना समोरासमोर उभे करू नये. त्यात एकीला खोटे बोलावे लागते आणि दुसरीला खोटी क्षमा करावी लागते.

अडखळण्याविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत, कारण पुष्कळ घरांत आईबापच नकळत चुकतात. 'सावकाश बोल', 'श्वास घे आणि पुन्हा म्हण' असे टोकल्याने, तिचा अडलेला शब्द आपणच पुरा केल्याने मुलीचे लक्ष आपल्या दोषावर अधिकच खिळते. ती काय सांगते याकडे लक्ष द्यावे, कसे सांगते याकडे नाही. पुष्कळ मुलांचे अडखळणे वयाबरोबर जाते, सर्वांचे जात नाही. म्हणून वाचा-उपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वाणी आणि श्रवण यांच्या दोषांवर काम करते आहे. वसईहून ती लोकलच्या वाटेवरच आहे.

आता दुसऱ्या आईकडे वळावे. गाऱ्हाणे ऐकणे हे घालण्याहून अवघड. भागवतात गोपी यशोदेकडे कृष्णाच्या खोड्या घेऊन येतात, तेव्हा ती माउली हसते. त्याला रागे भरावे असे तिला वाटत नाही. पुढच्याच अध्यायात स्वतःच्या घरचे दह्याचे मडके फुटते, तेव्हा मात्र ती त्याला उखळीला बांधते. प्रत्येक आईत ही यशोदा असते. पण त्याच यशोदेचा आणखी एक प्रसंग आहे. बलराम आणि सवंगडी येऊन सांगतात, की याने माती खाल्ली. तेव्हा ती हसत नाही, 'माझा बाळ असे करणारच नाही' असेही म्हणत नाही. ती त्याचा हात धरते, विचारते आणि तो नाकबूल होतो तेव्हा म्हणते, तोंड उघड. मुलांचे सांगणे तिने खरे-खोटे करून पाहण्याइतके महत्त्वाचे मानले. थोरलीच्या आईकडून यापेक्षा अधिक काही अपेक्षित नाही.

आणि थोरलीच्या मुखात काय दिसेल, ते सांगता येत नाही. पालघर जिल्ह्याला या बाबतीत एक मोठा वारसा आहे. गिजुभाई बधेका यांच्यासह भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, पुढे १९५७ मध्ये त्यांचे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघांनी ते नेटाने चालवले. अंगणवाडीची कल्पना याच मातीत रुजली. शिक्षा आणि बक्षीस या दोन्हींवाचून मूल वाढवता येते, असे या परंपरेचे म्हणणे होते. मूल आडदांडपणे वागत असेल, तर त्याच्या भोवतालात काय कमी किंवा काय जास्त आहे, ते आधी पाहायचे. थोरलीला घरी प्रत्येक पाहुण्यापुढे 'म्हणून दाखव' असे सांगितले जाते का? गुण कमी पडले की तिचीही कोणी नक्कल करते का? तिला दिवसभरात कोणी ऐकून घेते का, की केवळ टाळ्या वाजवते? बोलण्यातल्या सफाईचेच ज्या घरात कौतुक, तेथे अडखळणारे मूल तिला कमी प्रतीचे वाटू लागले, तर तो सगळा दोष त्या अकरा वर्षांच्या जिवाचा नव्हे.

सगळे रीतसर करूनही मैत्रीण ऐकणार नाही, असे होते. ती दुखावते, आठ दिवस फोन घेत नाही, 'तुझीच जरा जास्त हळवी आहे' म्हणते. अशा वेळी मैत्री मोडावी असे नाही. मोठ्यांनी मोठ्यांना भेटावे. सकाळच्या गाडीत, नाटकाला, बाजारात. मुलींना बांधून एकत्र न्यायचे थांबवावे. धाकटीला 'नाही' म्हणायची मुभा असावी आणि त्या 'नाही'बद्दल तिच्याकडे पुन्हा खुलासा मागू नये. यात रविवारची जेवणे कमी होतील, आषाढातल्या एखाद्या पावसात चावी दुसऱ्या कोणाच्या घरी ठेवावी लागेल. हा तोटा खरा आहे आणि लहान नाही. पण दोन मोठ्या माणसांच्या मैत्रीचा जो काही खर्च असेल, तो त्यांनीच सोसायचा असतो. तो नऊ वर्षांच्या मुलीच्या खात्यावर टाकणे हा अन्याय आहे, मग तो कितीही प्रेमळ घरात होवो.

कल्पनेतल्या त्या घरी आईने अखेर सोमवार निवडला. सकाळची वेळ, वसई रोडचा फलाट, नेहमीची गाडी पलीकडून शिट्टी देत येणारी. तिने मैत्रिणीच्या हाताला धरून बाकाकडे नेले आणि म्हणाली, "आज ही गाडी सोडू. मला तुझ्याशी बोलायचंय." मैत्रिणीने घड्याळ पाहिले, तिच्याकडे पाहिले आणि ती बसली. मोजणीच्या खेळाचे ऐकताना तिचा चेहरा आधी कडक झाला. "मुलं असतात अशी," ती म्हणाली. मग काही वेळ बोललीच नाही. पर्समधला रुमाल काढून तिने विनाकारण घडी मोडली, पुन्हा घातली. "पाचवर अडते ती?" तिने विचारले. "आणि पंधरावर," आई म्हणाली. दुसरी गाडी आली. दरवाज्यातल्या ओळखीच्या बायकांनी हात करून बोलावले. त्या दोघी उठल्या नाहीत.